आउटबोर्ड पावसात उघडताना

भर दर्यात बुडून खराब झालेली मशीनं मी थोडीच पाहिली. पाण्याने वाया गेलेली बहुतेक काठावरच गेली, झाकण काढून ठेवलेली. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, आणि जुनं आउटबोर्ड खोलायला सवडही तेव्हाच, ऐन पावसात. रेवदंड्याला खाडीकाठी ही कामं करताना पटलेल्या गोष्टी:

१. आधी गोडं पाणी, मग पाना. आतला मिठाचा थर हवेतला ओलावा ओढतो. पाऊस न लागताही ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते. मशीन पाण्याच्या ड्रममध्ये उभं करून दहा-पंधरा मिनिटं चालवा. कोरडं चालवलं तर पंपाचा रबरी इम्पेलर लगेच जळतो.

२. प्लग काढलात तर भोकात जुना प्लग हाताने फिरवून बसवा. कापडाचा बोळा भिजतो आणि पाणी धरून ठेवतो.

३. मशीन आडवं करण्याआधी उभं ठेवून निथळू द्या. टेम्पोत टाकताना पंख्याची बाजू वर आली, की एक्झॉस्टमधलं उरलेलं पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरतं.

४. काम अर्धवट राहिलं की लोक प्लास्टिकचा कागद गच्च गुंडाळून, दोरी आवळून निर्धास्त घरी जातात. सकाळी सोडून बघा, आतून घाम सुटलेला असतो. आमच्याकडच्या दमट हवेत हा घाम पावसापेक्षा वाईट, कारण तो कॉइलवर आणि वायरींच्या जोडांवर बसतो. ताडपत्री वरून ताणा, खालून वारा खेळू द्या. जोडांना व्हॅसलीन लावा. स्वस्त उपाय आहे, म्हणूनच कोणी करत नाही!

५. गियर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर सील गेलं. नवं ऑइल खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वॉशर नवेच घाला.

६. मशीन खाऱ्या पाण्यात बुडालं आणि आज मेकॅनिक मिळणार नसेल, तर ते गोड्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. ऐकणारे हसतात, पण मीठ आणि हवा एकत्र आली की गंज तासाभरात सुरू होतो. नंतर प्लग काढून, भोकं खाली करून फ्लायव्हील हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका. चालू असताना बुडालं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. पाणी निघालं की सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, जमल्यास त्याच दिवशी सुरू करून गरम होऊ द्या.

७. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा शोषतं आणि पाणी तळाशी बसतं. कार्बोरेटरचा वाडगाही रिकामा करा. ऑगस्टमध्ये बंदरात दोरी ओढून ओढून दमणाऱ्यांनी निदान एवढं तरी आधी तपासावं.