मंकला बळ द्यायचं, पण कुठे?

प्रश्न : 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या नियमांत आमचा मंक मागे पडतो. त्याला ३ की-पॉइंट वाढवून दिले तर चालतील?

उत्तर : तिथे हात लावू नका. पाचव्या लेव्हलला त्याच्याकडे ५ पॉइंट असतात. फ्लरीला १ आणि चारही फटक्यांवर 'स्टनिंग स्ट्राइक' वापरला, की एका टर्नमध्ये सगळे संपतात. ८ दिलेत तर पुढच्या टर्नलाही तीन प्रयत्न उरतात. मग राक्षसाची पाळीच येत नाही, आणि लढाईतली धाकधूक गेली की टेबलावरची मजाच जाते.

त्यापेक्षा पहिल्या लेव्हलपासून मार्शल आर्ट्सचा फासा चारऐवजी सहा बाजूंचा करा. २०२४च्या पुस्तकानेही तेच केलं, शिवाय स्टनचा प्रयत्न टर्नला एकदाच ठेवला. दोन-तीन सेशन खेळून बघा. जमलं नाही तर बदल मागे घेऊ, हे मंकच्या खेळाडूला आधीच सांगा.