आकाशाचें पंचांग संगणकावर : ‘स्टेलॅरियम’ आणि आपलें मृग नक्षत्र

शेतीच्या पंपास रात्रपाळीनें वीज मिळूं लागल्यापासून आपल्यापैकीं पुष्कळांस मध्यरात्रीं पिकास पाणी देण्यासाठीं बांधावर उभें राहावें लागतें. त्या वेळीं डोक्यावर जें आकाश पसरलेलें असतें, तें शहरांतील मनुष्यास पैसे खर्चूनही पाहावयास मिळत नाहीं. आपले वाडवडील तें वाचीत असत. तिकांडें कोठें आलें यावरून ते रात्र किती उरली हें सांगत आणि शुक्राची चांदणी उगवली कीं मोट जुंपीत. आज आपणांस घड्याळ मिळालें आणि आकाश मात्र विसरलें. मृग, आर्द्रा, हस्त, स्वाती हीं नांवें आपल्या तोंडीं रोज आहेत. पण त्यांपैकीं चार नक्षत्रें बोटानें दाखवा असें कोणी म्हटलें, तर आपल्यांतील किती जण पुढें येतील?

हें विसरलेलें ज्ञान परत मिळविण्याचें एक उत्तम साधन आज विनामूल्य उपलब्ध आहे. घरांत मुलांच्या शिक्षणासाठीं संगणक किंवा लॅपटॉप आलेला असेल, तर त्यावर घालावयाचें हें ‘स्टेलॅरियम’ नांवाचें सॉफ्टवेअर होय. त्याची ओळख करून देऊन, आपल्या पेरणीशीं निगडित असलेला एक धडा त्याच्या साह्यानें कसा शिकतां येतो, तें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

साधनाची माहिती

फाबियें शेरो या फ्रेंच गृहस्थांनीं इ. स. २००० मध्यें हें काम हातीं घेतलें. पुढें निरनिराळ्या देशांतील हौशी लोकांनीं त्यास हातभार लावला, आणि वीस वर्षांहून अधिक काळ सुधारणा होत होत २०२२ च्या आक्टोबरांत त्याची ‘१.०’ ही आवृत्ति निघाली. त्यांत मुळांतच सहा लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद आहे. कोणतेंही स्थळ, कोणताही दिवस आणि कोणतीही वेळ सांगा. त्या क्षणीं त्या ठिकाणाहून आकाश जसें दिसेल, तसें तें पडद्यावर उभें करतें. एकदां उतरवून घेतलें म्हणजे पुढें इंटरनेटची गरज राहत नाहीं. याच जातीचीं ‘केस्टार्स’ आणि पॅट्रिक शेव्हाले यांचें ‘कार्त द्यु सिएल’ हींही साधनें विनामूल्य आहेत. परंतु नवशिक्यास स्टेलॅरियम सोपें जातें.

येथें ‘विनामूल्य’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हीं साधनें नुसतीं फुकट नाहींत, तीं मोकळीं आहेत. ज्या परवान्याखालीं तीं दिलीं जातात, त्याअन्वयें कोणासही त्यांची नक्कल करून शेजाऱ्यास देतां येते, आंतील रचना पाहतां येते आणि ती सुधारतांही येते. शेतकऱ्यास हें समजण्यास वेळ लागूं नये. दरवर्षीं दुकानांतून आणावें लागणारें बियाणें एक, आणि आपल्याच कणसांतून निवडून राखलेलें व गांवांत वाटलेलें बियाणें दुसरें. त्यांतील हें दुसऱ्या प्रकारचें आहे. हें उतरवून घेतांना त्याच्या स्वतःच्या ‘स्टेलॅरियम डॉट ऑर्ग’ या ठिकाणाहूनच घ्यावें. मोबाइलवर त्याच नांवाची जी आवृत्ति आहे ती निराळी असून तिच्या कांहीं भागास पैसे पडतात, हें लक्षांत असूं द्यावें.

पहिली मांडणी

प्रथम ‘एफ ६’ ही कळ दाबून स्थळाची खिडकी उघडावी आणि आपल्या गांवाचे किंवा जवळच्या शहराचे अक्षांश-रेखांश भरावे. हें काम टाळूं नये. पुणें आणि नागपूर यांच्या रेखांशांत सुमारें सव्वापांच अंशांचें अंतर आहे. त्यामुळें एकच तारा नागपुरास पुण्यापेक्षां सुमारें एकवीस मिनिटें अगोदर मध्यान्हरेषेवर येतो. मांडणी बरोबर झाली कीं नाहीं याची परीक्षा ध्रुवताऱ्यावरून करावी. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाइतकीच, फार तर अर्ध्यापाऊण अंशानें कमी-अधिक भरते. म्हणजे पुण्यास ती सुमारें साडेअठरा अंश आणि नागपुरास सुमारें एकवीस अंश भरली पाहिजे.

‘एफ ५’ नें दिनांक व वेळ बदलतां येते. ‘एफ ३’ नें हवा तो तारा किंवा ग्रह शोधतां येतो. ‘सी’ नें ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषा आणि ‘व्ही’ नें तारकासमूहांचीं नांवें दिसतात. ‘एल’ नें काळाची गति वाढते व ‘के’ नें ती पूर्ववत् होते. शेतांत लॅपटॉप नेल्यास ‘कंट्रोल’ व ‘एन’ या कळा एकदम दाबाव्या. पडदा तांबडा होतो आणि अंधारास सरावलेली दृष्टि दिपत नाहीं. रात्रीं पाणी द्यावयाचें असल्यास चंद्र किती वाजतां उगवेल व किती वाजतां मावळेल हें दुपारींच पाहून ठेवावें. एवढाही उपयोग लहान नव्हे.

धडा पहिला : मृग दिसतो केव्हां ?

दिनांक १ जानेवारी आणि वेळ रात्रीं आठ अशी ठेवावी. पूर्वेच्या बाजूस चार ठळक ताऱ्यांचा चौकोन दिसेल. ते मृगाचे चार पाय. त्याच्या पोटांत एका ओळींतील तीन तारे म्हणजे बाण, आणि मागोमाग येणारा अत्यंत तेजस्वी तारा म्हणजे बाण मारणारा व्याध. आतां ‘=’ ही कळ दाबीत एकेक दिवस पुढें जावें. रोज त्याच वेळीं मृग थोडा थोडा पश्चिमेकडे सरकत जातो. मे महिना लागतांना तो सायंकाळीं मावळतीस टेकतो आणि पुढें दिसेनासा होतो. जुलैच्या उत्तरार्धांत तो पुन्हां पहाटे पूर्वेस उगवतांना सांपडतो.

म्हणजे ज्या दिवसांत आपण ‘मृग लागला’ म्हणतों, नेमक्या त्याच दिवसांत मृग आकाशांत दिसत नाहीं ! याचें कारण दुसऱ्या धड्यांत आहे.

धडा दुसरा : मृग ‘लागतो’ म्हणजे काय ?

दिनांक ८ जून व वेळ दुपारीं बारा अशी ठेवून सूर्य शोधावा. मग ‘ए’ ही कळ दाबावी. त्याबरोबर वातावरण नाहींसें होऊन भर दुपारीं तारे दिसूं लागतात, आणि सूर्य कोणाच्या शेजारीं बसला आहे तें उघड होतें. मृगाचें मस्तक त्याच्या दक्षिणेस जवळच असतें. स्वल्पविरामाची कळ दाबली कीं सूर्याच्या वार्षिक मार्गाची रेषाही दिसते. पंचांगकर्त्यांनीं या मार्गाचे सत्तावीस सारखे भाग केले आहेत. प्रत्येक भाग चालून जाण्यास सूर्यास साडेतेरा दिवस लागतात. मृगाच्या भागांत तो ७ किंवा ८ जूनच्या सुमारास शिरतो, आणि पुढें दोन आठवड्यांनीं आर्द्रेंत जातो. सूर्यच तेथें असल्यामुळें त्याच्या तेजांत मृग लोपतो.

तेव्हां ‘मृग लागला’ हें पावसाचें वर्तमान नसून सूर्याच्या मुक्कामाचें वर्तमान आहे.

धडा तिसरा : मृग सरकतो

आतां जी गोष्ट सांगावयाची ती पेरणीच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची आहे. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हां त्याच ताऱ्यापाशीं येण्यास ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटें लागतात. परंतु ऋतूंचें चक्र ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांत पुरें होतें. हा सुमारें वीस मिनिटांचा फरक सांचत जाऊन एकाहत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस होतो. आपलीं नक्षत्रें ताऱ्यांवर बांधलेलीं आहेत आणि पाऊस ऋतूंवर. म्हणून मृग ऋतूंच्या मानानें हळूहळू पुढें ढकलला जात आहे.

शिवछत्रपतींच्या काळीं मृग आजच्यापेक्षां सुमारें पांच दिवस आधीं, म्हणजे आजच्या हिशेबानें ३ जूनच्या सुमारास लागत असे. हजार वर्षांपूर्वीं तो चौदा दिवस आधीं, मे महिन्याच्या अखेरीकडे लागे. आणखी दोन हजार वर्षांनीं तो जुलैच्या पहिल्या आठवड्यांत लागेल. याचा पडताळा स्टेलॅरियमवर घेतां येतो. मात्र १५८२ पूर्वींचे दिनांक तें जुन्या ज्यूलियन पद्धतीनें मोजतें, आणि ख्रिस्तपूर्व वर्षांत शून्य वर्षही धरतें. म्हणून तारखेवर विसंबूं नये. वर्षाच्या खणांत ‘-३९९९’ म्हणजे ख्रिस्तपूर्व ४००० घालावें आणि वसंत ऋतूंत सूर्य नेमका पूर्व बिंदूवर उगवतो तो दिवस शोधून काढावा. त्या दिवशीं सूर्य मृगाच्या मस्तकाशीं आढळेल ! लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ या ग्रंथाची इमारत याच गोष्टीवर उभी आहे. जें अनुमान काढण्यास त्यांस गणित व ग्रंथ धुंडाळावे लागले, तें दृश्य आज शेतकऱ्याचा मुलगा पांच मिनिटांत पाहूं शकतो.

याचा अर्थ असा, कीं त्या काळीं सूर्य मृगांत असतांना पाऊस नव्हे, तर वसंत चालूं होता. तेव्हां मृग नक्षत्र पाऊस आणीत नाहीं. आपल्या पिढ्यांत त्या दोघांची गांठ पडली आहे, इतकेंच.

तात्पर्य

आमच्या स्वतःच्या शेतांत एका वर्षीं, मृग लागला आणि एक सर येऊन गेली एवढ्यावर आम्हीं चाडें धरलें. पुढें पंधरा दिवस आभाळ कोरडें राहिलें. उगवलेलें करपलें, बियाण्याचे पैसे गेले, आणि दुबार पेरणीसाठीं पुन्हां दुकानाची पायरी चढावी लागली. दोष नक्षत्राचा नव्हता. आम्हीं त्याजकडे जें मागितलें तें त्याजपाशीं नव्हतेंच. नैऋत्य मोसमी वारे केरळांत पोंचण्याची सरासरी तारीख १ जून आणि मुंबईस पोंचण्याची ११ जून आहे. पण सरासरी म्हणजे वचन नव्हे. पंचांगांतील तारीख ही तयारीची सूचना समजावी. नांगरट, कुळवणी, बियाण्याची उगवण-परीक्षा तोंवर आटोपावी. पेरणीचा हुकूम मात्र जमिनीच्या ओलीकडून घ्यावा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावांचून जिराईत पेरणी करूं नये, हा कृषिखात्याचा सल्ला पर्जन्यमापक पाहून पाळावा.

स्टेलॅरियम उद्यांचा पाऊस सांगणार नाहीं. त्यांत नक्षत्राचें वाहनही नाहीं. तें फक्त खरें आकाश दाखवितें, आणि खरें काय तें दिसलें कीं खोट्या भरंवशाचा खर्च वांचतो. ज्यांस पुढें अभ्यास वाढवावयाचा असेल, त्यांस पुण्याची १९४४ सालीं स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था मार्गदर्शक होईल. इतरांनीं निदान एवढें करावें : येत्या मोकळ्या रात्रीं घरांतील मुलांस घेऊन पडद्यावर एक नक्षत्र ओळखावें, मग अंगणांत येऊन तेंच आकाशांत शोधावें. पडदा मिटला तरी आकाश आपलेंच आहे, आणि त्यास वीज लागत नाहीं.