लेबल सरकलं, ठपका फाइलवर

बारामती-इंदापूर पट्ट्यात डाळिंब भरपूर, आणि सरबत, लोणची, मसाले करणारे बचत गटही गावोगाव. पुण्याच्या भीमथडी जत्रेत किंवा बारामतीच्या ‘कृषिक’ प्रदर्शनात स्टॉल मिळाला की लेबलची धावपळ सुरू होते. ऑफसेटवर हजारोंनी छापावं इतका माल नसतो. मग लेबल वर्डमध्ये करायचं आणि डीटीपीच्या दुकानात छापून घ्यायचं. प्रस्तुत लेखिकेच्या इंदापूर तालुक्यातल्या गटाने डाळिंबाच्या सरबतासाठी तेच केलं.

फाइल बरोबर होती. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे सगळा ठपका तिच्यावरच आला. ए-फोर कागदावर ६४ बाय ३४ मिलिमीटरची २४ लेबलं: तीन उभ्या रांगा, आठ आडव्या. दुकानदाराने आधी साधा प्रिंट न काढता स्टिकरचे सगळे कागद मशीनला लावले. मधल्या ओळी जागेवर बसल्या. वरच्या खाली उतरल्या, खालच्या वर चढल्या. शेवटच्या ओळीतल्या डाळिंबाचा माथा वरच्या लेबलवर गेला.

“ताई, वर्डमध्ये लेबलं होत नसतात. कोरलमध्ये करावं लागतं, त्याचे पैसे वेगळे.” मोबाइलवरची नजर न हलवता त्याने सांगितलं. गटातल्या बायकांना संगणकातलं काय कळणार, असा एकूण सूर.

त्याच्याच टेबलावरची फुटपट्टी उचलली आणि उत्तर सापडलं. आठ ओळींची उंची २७२ मिलिमीटर हवी होती, ती भरली २६४. सगळं पान ३ टक्क्यांनी आकसलं होतं. प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ निवडलेलं होतं. ते ‘ॲक्च्युअल साइझ’ करून त्याच फाइलचा प्रिंट साध्या कागदावर काढायला लावला आणि स्टिकरच्या कागदामागे उजेडात धरला. रेषेला रेष जुळली. दुकानदार गप्प राहिला, पण वाया गेलेल्या कागदांचे पैसे त्याने सोडले नाहीत. तो राग अजून गेलेला नाही.

३ टक्के किरकोळ वाटतात, पण शाकाहाराच्या हिरव्या खुणेतलं वर्तुळ लहान लेबलवरही किमान ३ मिलिमीटर व्यासाचं लागतं. पान आकसलं की तेच नियमाखाली जातं. म्हणून ते साडेतीनचं काढावं. खाद्यपदार्थाच्या लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागते. मराठी तिच्या जोडीने चालते, एकटी चालत नाही. १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, निव्वळ वजन किंवा माप, किंमत, तारखा, उत्पादकाचा पत्ता एवढं ६४ बाय ३४ मध्ये वाचण्याजोगं बसत नाही. मागच्या बाजूला दुसरं लेबल लावा.

चित्राचं म्हणाल तर फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, तो दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. वर्डमध्ये ‘मेलिंग्ज’मधून ‘लेबल्स’ घेतलं की चौकटींचा तक्ता मिळतो. चित्र पहिल्या चौकटीत ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवा. चित्राची नुसती पट्टीच दिसली तर त्या परिच्छेदाचं लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’वर असतं, ते ‘सिंगल’ करा. तक्त्याच्या ऑप्शन्समधलं आपोआप आकार बदलण्याचं कलम बंद ठेवा, नाहीतर चित्र चौकट ताणतं. एक चौकट पक्की झाल्यावरच बाकीच्या चौकटींत कॉपी करा.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतो. फाइल पीडीएफ करूनच न्या. बर्फात ठेवायच्या बाटल्यांसाठी लेझर प्रिंट घ्या. साध्या इंकजेटची शाई पाण्याने फुटते. वेळ हाताशी ठेवा, मजकूर दोघींनी वाचा, हे तर आहेच.

पहिला प्रिंट साध्या कागदावर मागा आणि फुटपट्टी लावून बघा. तेवढंही करू न देणाऱ्या दुकानात फाइल देऊ नका.