निळ्या पडद्यावरचं नाव

कॉम्प्युटर चालता चालता पडदा निळा होतो, इंग्रजीत काहीतरी उमटतं आणि मशीन आपोआप रिस्टार्ट होतं. हे दुसऱ्यांदा घडलं की लोक रॅम बदलतात, मशीन फॉरमॅट करायला देतात, नाहीतर ड्रायव्हर अपडेट करून देणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतात. पुण्यात डीटीपीचा व्यवसाय करताना आणि आसपासच्या छपाईवाल्यांची मशीनं पाहताना माझं मत पक्कं झालं आहे, की यातला शेवटचा उपाय सगळ्यांत घातक. एका उपऱ्या ड्रायव्हरने मशीन आधीच आजारी पडलेलं असतं, त्यात हा आणखी दहा आणून भरतो. अशा मशीनमध्ये काहीही नवं घालण्याआधी काय काढायचं आहे ते शोधा, असं मी प्रत्येकाला सांगते.

भाद्रपद सरत आला की आमच्याकडे दिवाळी अंकांची पानं लागायला सुरुवात होते. एका मासिकाचं काम अर्ध्यावर असताना आमचं मुख्य मशीन पडायला लागलं. ऑपरेटर ताई दुसऱ्या प्रुफाच्या दुरुस्त्या घेत असायच्या आणि फाइल सेव्ह व्हायच्या आत पडदा निळा. त्याच दुरुस्त्या पुन्हा घ्यायच्या म्हणजे नुसता वेळ जात नाही. पहिल्या वेळी सुधारलेली वेलांटी दुसऱ्या वेळी राहून जाते, मुद्रितशोधक काकांना वाचून झालेलं पान परत वाचावं लागतं, आणि एखाद्या लेखकाचं नाव चुकलं तर ते तसंच छापलं जाऊन घरोघरी पोचतं. मशीन किती तास बंद होतं याचा हिशेब सगळे करतात, या चुकांचा कोणी करत नाही.

त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी ते मशीन विंडोज ७ वरून विंडोज १० वर नेलं होतं. आमच्या मराठी फाँटांच्या सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक लागतं, ज्याला आम्ही डोंगल म्हणतो. नव्या विंडोजला ते ओळखता येईना. बाहेरून आलेल्या तंत्रज्ञाने पेनड्राइव्हमधून एक ‘ड्रायव्हर पॅक’ चालवला आणि आता लॉक लावायचीसुद्धा गरज नाही असं सांगून तो गेला. लॉक आम्ही रीतसर पैसे मोजून घेतलेलं होतं. ते न लावता सॉफ्टवेअर उघडत होतं, याचा अर्थ त्याने मशीनच्या आत खोटं लॉक बसवलं होतं. खरं लॉक समोर आहे असा भास निर्माण करणारा तो एक ड्रायव्हर होता. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, ‘टेस्ट मोड’ अशी बारीक अक्षरं तेव्हापासून दिसू लागली.

ती अक्षरं फार महत्त्वाची. व्हिस्टापासून पुढच्या ६४-बिट विंडोजमध्ये कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही लागतेच, आणि विंडोज १० च्या २०१६ मधल्या आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टकडून मिळालेली सही लागते. टेस्ट मोड ही ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरांसाठी ठेवलेली सवलत आहे. खोट्या लॉकला मायक्रोसॉफ्टची सही मिळत नाही, म्हणून ते बसवणारा माणूस आधी बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करतो आणि मग टेस्ट मोड चालू करतो. त्यानंतर कोणाचीही ओळख न देता ड्रायव्हर आत शिरू शकतात. कामाच्या मशीनवर टेस्ट मोडला जागा नाही, मग तो बसवणारा कितीही ओळखीचा असो.

एका ड्रायव्हरने अख्खं मशीन का पडतं, हेही सांगते. पेजमेकर किंवा ब्राउझर अडकला तर तेवढाच बंद होतो, कारण विंडोज प्रत्येक सॉफ्टवेअरला त्याची वेगळी मेमरी देतं. कर्नलमधले ड्रायव्हर मात्र खुद्द विंडोजच्या मेमरीत वावरतात. त्यातल्या एकाने नको त्या जागी हात घातला, की पुढे काय खराब होईल याचा भरवसा राहत नाही. बिघडलेला मजकूर हार्ड डिस्कवर लिहिला जाऊ नये म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. निळा पडदा तो हाच.

१९ जुलै २०२४ ला हे सगळ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं कोसळली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो ड्रायव्हर अधिकृत होता, त्यावर सही होती, तरी हे झालं. उपाय मात्र साधा होता: सेफ मोडमध्ये जायचं, ती एक फाइल काढायची, मशीन सुरू करायचं. मार्च २०२१ मध्ये विंडोजच्याच एका अपडेटमुळे काही प्रिंटरांना प्रिंट दिली की निळा पडदा येत होता. ते अपडेट काढलं की काम चालायचं, आणि काही दिवसांत कंपनीने दुरुस्तीही दिली. अधिकृत ड्रायव्हरही चुकतो, पण चुकला तर त्याला मालक असतो. पेनड्राइव्हमधल्या पॅकचा जाब कोणाला विचारणार?

आता मशीन पडलं तर काय करायचं. पडदा निळा झाला की मोबाइलने फोटो काढा. (विंडोज ११ च्या अलीकडच्या अपडेटपासून हा पडदा काळा झाला आहे.) त्यावर स्टॉप कोड असतो आणि कधीकधी ‘व्हॉट फेल्ड’ च्या पुढे एका फाइलचं नाव असतं, शेवटी ‘डॉट एसवायएस’. तंत्रज्ञाला नुसतं ‘मशीन बंद पडतंय’ सांगण्यापेक्षा हे एक नाव दाखवणं कितीतरी मोलाचं. फोटो हुकला तरी विंडोजच्या फोल्डरात ‘मिनीडंप’ नावाचं फोल्डर पाहा. सहसा प्रत्येक क्रॅशची नोंद तिथे राहते आणि ब्ल्यूस्क्रीनव्ह्यू या छोट्या फुकट सॉफ्टवेअरने ती वाचता येते. तिथे विंडोजच्या स्वतःच्या कर्नल फाइलचं नाव आलं, तर तिला लगेच दोषी धरू नका. पुष्कळदा तिला फक्त फटका बसलेला असतो. प्रत्येक क्रॅशला वेगळंच नाव येत असेल तर रॅमवर संशय घ्या आणि विंडोज मेमरी डायग्नोस्टिक लावून पाहा. तेच ते परकं नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर शोध बहुतेक संपला.

आणखी एक जागा बऱ्याच जणांना माहीत नसते. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की तारीखवार तक्ता उघडतो. कोणत्या दिवशी काय बसवलं आणि कोणत्या दिवशी मशीन पडलं, हे त्यात शेजारी शेजारी दिसतं. आमच्या तक्त्यात तो पॅक चालवला त्या दिवसापर्यंत सगळं स्वच्छ होतं, तिथून पुढे लाल फुल्या. मिनीडंपमध्ये बहुतेक वेळा खोट्या लॉकच्या ड्रायव्हरचं नाव होतं आणि मधूनमधून एका अँटीव्हायरसचं, जो आम्ही कधी मागितलेलाच नव्हता. पॅकने तोही आणला होता आणि आधीचा अँटीव्हायरस तसाच ठेवला होता. दोन अँटीव्हायरसांची भांडणं अशीच होतात. प्रत्येक फाइल उघडताना दोघांचेही फिल्टर ड्रायव्हर मध्ये उभे राहतात, आणि भल्यामोठ्या पानांच्या फाइली सेव्ह करतानाच नेमके एकमेकांत अडकतात.

पुढची पायरी सेफ मोड. मशीन सुरूच होत नसेल तर विंडोज चढताना सलग दोन-तीनदा पॉवर बटण दाबून बंद केलं की दुरुस्तीचा निळा मेनू येतो. त्यात स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ४ दाबलं की सेफ मोड. त्याच यादीतला ७ क्रमांक ड्रायव्हरच्या सहीची तपासणी बंद करतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. लॅपटॉपवर बिटलॉकर असेल तर इथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, म्हणून ती आधीच कागदावर उतरवून ठेवलेली बरी. सेफ मोडमध्ये मोजकेच ड्रायव्हर चढतात. तिथे मशीन तासन्‌तास नीट चाललं, तर दोष बाहेरून आलेल्या ड्रायव्हरचा असण्याची शक्यता फार मोठी. आमचं मशीन तिथे दुपारभर एकदाही पडलं नाही.

मग काढायला सुरुवात. नुकताच अपडेट झालेला ड्रायव्हर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ पुरेसं होतं. नसेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’, आणि त्या वेळी ड्रायव्हरच्या फाइलीही काढण्याच्या चौकोनात खूण करायची. खूण करायची राहून गेली तर विंडोज आपल्या साठ्यातून तोच ड्रायव्हर परत बसवतं आणि लोक म्हणतात, काढूनही गेला नाही. काढून टाकलेल्या वस्तूंचे ड्रायव्हर ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केल्यावर फिकट दिसतात. अँटीव्हायरस कंट्रोल पॅनलमधून काढला तरी त्याचे फिल्टर मागे राहू शकतात, म्हणून त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल वापरा. सिस्टीम३२ मधली ड्रायव्हरची फाइल मात्र परस्पर हाताने उडवू नका. रजिस्ट्रीत तिची नोंद तशीच राहते, आणि ती कीबोर्डच्या किंवा डिस्कच्या फिल्टरची असेल तर मशीन उघडेल पण कीबोर्ड चालणार नाही, किंवा मशीनच उघडणार नाही. स्टोरेज कंट्रोलरच्या ड्रायव्हरलाही खात्री असल्याशिवाय हात लावायचा नाही. आमच्याकडे खोटं लॉक आणि उपरा अँटीव्हायरस काढला, टेस्ट मोड बंद केला, सिक्युअर बूट चालू केलं. मग लॉक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून विंडोज १० साठीचा ड्रायव्हर घेतला. लॉक लावलं, त्याचा बारीक दिवा पेटला, आणि अंक छापखान्यात जाईपर्यंत मशीन पुन्हा पडलं नाही. तो ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर पहिल्या दिवसापासून होता.

ड्रायव्हर आणायचा कुठून? लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावर सीरियल नंबर घालून. असेंबल केलेलं मशीन असेल तर मदरबोर्डच्या कंपनीकडून. बोर्डचं मॉडेल ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ मध्ये ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ च्या ओळीत मिळतं. आणि तारखेला फसू नका. विंडोजसोबत येणाऱ्या कितीतरी ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख असते. मायक्रोसॉफ्टने ती मुद्दाम मागची ठेवली आहे, म्हणजे हार्डवेअर कंपनीचा ड्रायव्हर मशीनमध्ये असेल तर नव्या तारखेच्या जोरावर विंडोजचा साधा ड्रायव्हर त्याला बाजूला सारणार नाही. ही तारीख पाहून लोकांना घाम फुटतो. नीट चालणाऱ्या मशीनचा ड्रायव्हर फक्त जुना दिसतो म्हणून बदलू नका.

मशीन स्थिर झालं की सिस्टीम प्रोटेक्शन चालू करून रिस्टोअर पॉइंट करा. पुष्कळ मशीनवर ते बंदच असतं. दुकानातून दुरुस्त झालेलं मशीन घेताना तिथेच सुरू करायला लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे त्रिकोण आहेत का, अँटीव्हायरस एकच आहे ना, सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये सिक्युअर बूट ‘ऑन’ आहे का, हे पाहा. कोणते ड्रायव्हर कुठून घेतले ते बिलाच्या मागे लिहून मागा, आणि मग पैसे द्या.