कट्ट्यावरची म्हातारी

नगर (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय नाही),
लेंटचा तिसरा रविवार

चि. सलोमी हिस,


आज उपासना सुटल्यावर देवळाच्या पायरीवर चपला शोधत होते, तर महिला मंडळाच्या खजिनदार बाई मागून आल्या. त्यांच्या जावेचं सिझर तुमच्याच दवाखान्यात झालं ना. हसत हसत म्हणाल्या, "तुमची सलोमी भारी शिस्तीची हो! ऊसतोडीची एक म्हातारी आली होती, पायाला एवढा वास. सलोमीनं आत घेतलंच नाही. कट्ट्यावर बसवलं, आधी पाय धुऊन ये म्हणाली. अशीच सिस्टर पाहिजे." बाई कौतुक करत होत्या गं. मी हो हो म्हटलं, घरी आले आणि घास गिळवेना.

हे खरं आहे का, एवढं मला आधी कळव. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना गोष्ट फुगते, हे मला कळतं. ओपीडीत गर्दी असेल, डॉक्टर राउंडला असतील, तू नुसतं "बसा पाच मिनिटं" म्हणाली असशील. तसं असलं तर हे पत्र फाडून टाक आणि म्हातारी आत्या उगीच किरकिर करते म्हण. पण खरं असलं, तर पुढचं सगळं वाच. मधूनच घडी घालून उशीखाली ठेवू नकोस. तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

तुझ्या पणजीची गोष्ट तुझ्या बाबानं तुला सांगितलेली आहे. पण तो ती नाताळच्या जेवणावर सांगतो, सणाला शोभेल अशी गोड करून. मी आजीच्या कुशीत झोपून ऐकलेली आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात तिचे आईबाप गेले आणि महारवाड्यातलं ते पोर नगरच्या मिशनच्या अनाथाश्रमात आलं. त्याच्या आधी पाणी कसं मिळायचं, ते ती सांगायची. वाड्यापासून लांब उकिडवं बसायचं, ओंजळ तोंडाशी धरायची आणि वरून कोणी ओतेल तेवढं प्यायचं. ओतणाऱ्याला घाई असायची. अर्धं पाणी कोपरांवरून ओघळून मातीत जायचं. ते मातीत गेलेलं पाणी आजीला म्हातारपणीसुद्धा आठवायचं. पुढे ती बायबलबाई झाली, गावोगाव पायी फिरली. पिठासाठी बाटली म्हणून लोक टोचायचे. ती म्हणायची, "होय बाबा, भूक होती, खोटं कशाला सांगू? पण मिशनच्या बाईनं मला शेजारी बसवून जेवू घातलं. ते कुठल्या पिठात मिळतं?"

आणि तिच्या पणतीनं एका म्हातारीला बाहेर बसवलं. सलोमी, खरंच बसवलंस?

तू बारावीला असताना मी तुला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली होती. वाचलीस की कपाटातच आहेत, देव जाणे. त्यांच्या यजमानांनी, टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, बाईंनी घेतला तो १९०० साली. मधल्या वर्षांत त्या बाईनं स्वतःच्या सोवळ्याशी केवढं भांडण मांडलं! पाण्यापासून, ताटापासून, एकेक धागा उसवत गेली. आणि सांगितलंय कसं, स्वतःलाच हसत. पिढ्यान्पिढ्या मुरलेलं होतं, त्याला वेळ लागणारच. आपल्या घरात तर सोवळं कधी नव्हतंच. आपण त्याच्या पलीकडच्या अंगाचे, ज्यांच्यामुळे विटाळ व्हायचा ते. मग तुझ्यात ते शिरलं कुठून? पांढऱ्या गणवेशातून, की "सिस्टर, सिस्टर" ऐकून?

रागावू नकोस. हातमोजे घाल, मास्क लाव, दहादा हात धू. मी स्वच्छतेला नावं ठेवत नाही, माझा जन्म त्यात गेला. पण रोग्याला आत घेऊन स्वच्छ करायचं असतं. तो बाहेर राहिला तर आपण स्वच्छ ठेवली फक्त फरशी.

आणि पाय धुऊन ये म्हणालीस, तर कुठे धुणार होती ती? ऊसतोडवाल्यांच्या कोपीवर पाणी टँकरचं, ते आधी बैलांना, मग स्वयंपाकाला. अशा पायाचं काय करायचं हे मी तुला शिकवावं असं नाही. आता नवीन औषधं आली असतील. अळ्या पडल्या असल्या तर आमच्या वेळी टर्पेंटाइनचा बोळा जखमेच्या तोंडाशी धरून बसायचं. घाई केली की अळ्या आत शिरतात. धीर धरला की एकेक वर येते, चिमट्यानं उचलून ट्रेमध्ये टाकायची. मग सलाइननं धुवायचं, मेलेलं कातडं कडेकडेनं कापायचं, पुन्हा धुवायचं. या सगळ्यात बाई तोंडावर पदर घेऊन पडलेली असते. दुखतं म्हणून नव्हे, साखरेच्या रोग्याला तिथं कित्येकदा दुखतही नाही. ती लाजेनं अर्धी झालेली असते. वास आपल्याआधी तिला आलेला असतो गं. म्हणून तेवढा वेळ बोलत राहायचं. गाव कुठलं, टोळी कोणाची, मुकादमानं उचल किती दिली, सून कोयत्यावर आहे की बाळंतपणाला गेलीय. हळूहळू पदर खाली येतो. तेवढ्यासाठी तर तुला नर्सिंगला घातलं. इंजेक्शनं काय, कोणीही देतं.

आपल्या देवळात उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. ते बारा जण घरूनच पाय घासून येतात, एकदोघं तर पावडरसुद्धा लावतात. मला दर वर्षी हसू येतं, मी रुमाल तोंडाला लावते. प्रभूनं धुतले ते पाय दिवसभर रस्ता तुडवून आलेले होते आणि त्यांत यहूदाचेही दोन होते. आधी धुऊन या, असं त्यानं कोणाला सांगितल्याचं शास्त्रात नाही.

मागे फोनवर तू म्हणालीस, "आत्या, काय उपयोग? बरं करून पाठवलं की त्याच बाया त्याच दुखण्यानं परत येतात." त्या दिवशी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण हे काही तुझं एकटीचं दुखणं नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकून वडाळा मिशनच्या इस्पितळात आले, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं. ती दोघं वैतागून बसली नाहीत. पुन्हा शिकून आली आणि १९७० साली जामखेडला जाऊन राहिली. १९७२ चा दुष्काळ पडला, इथं आपल्या घरी मिलोच्या भाकरी होत होत्या, तेव्हा त्यांनी गावोगाव बोअर घेतल्या आणि त्या दलित वस्तीत पडतील असं पाहिलं. पाणी पाहिजे? मग या इथं. ज्यांच्या ओंजळीत वरून पाणी पडायचं, त्यांच्या दारात सगळं गाव हंडे घेऊन यायला लागलं. हे मी आजीला वाचून दाखवलं, तर म्हातारी इतकी हसली की ठसका लागला. पुढे गावातल्याच बाया निवडून त्यांना शिकवलं, कित्येकींना अक्षरओळखसुद्धा नव्हती. १९७९ साली दोघांना मॅगसेसे मिळालं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. मला आपल्या त्या बोअर आठवतात.

आता सांगते ते तुझ्या बाबालाही धड माहीत नाही. त्या दुष्काळाच्याच सुमारास मी पुण्यात एका मोठ्या इस्पितळात होते. आमच्या वॉर्डातल्या एक थोरल्या सिस्टर म्हणाल्या, चल, जामखेडला जाऊ, तिथं माणसं हवी आहेत. मला जावंसं वाटत होतं. गेले नाही. क्वार्टरला नळ होता, पगार एक तारखेला हातात पडायचा, शनिवारी मैत्रिणींबरोबर सिनेमा होता, आणि जामखेड म्हणजे त्या वर्षी नुसता फुफाटा. मी आजीला विचारलंच नाही, कारण ती काय म्हणेल ते मला पाठ होतं. पुढे निवृत्त झाल्यावर एकदा तिकडे गेले. एक गावची बाई एका पोटुशीला तपासत होती. नुसता हात फिरवून बाळाचं डोकं कुठं आहे ते सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. हात फिरवता फिरवता ती तिच्याशी सासूबद्दल बोलत होती, दोघी खिदळत होत्या. मी सगळी नोकरी मोठ्या इस्पितळात काढली, नाव कमावलं, पण त्या बाईचा मला हेवा वाटला. अजून वाटतो. तू त्या आडगावच्या दवाखान्यात जाते म्हणालीस तेव्हा तुझी आई रडत बसली, आणि मी मात्र सगळ्यांना पेढे वाटले, ते यासाठी. तुला तेव्हा कळलं नसेल.

म्हणून मला ती कट्ट्यावरची म्हातारी जास्त लागली. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी ऐकून सोडून दिलं असतं.

आता राग गेला माझा. तुझं मलाही दिसतं. चार महिन्यांचा पगार थकलाय, नाइट करून तू पुन्हा सकाळी ओपीडीला उभी राहतेस, कारण दुसरी सिस्टर सोडून गेली. दवाखाना बंद पडणार, जागा विकणार, ही आवई इथपर्यंत आलीय. अशात माणसाचं तोंड कडू होतं. त्या दिवशी तू काही खाल्लं होतंस का? माझा अंदाज आहे, नाही. उपाशी पोटी वास फार चढतो, मला ठाऊक आहे.

तुला आठवतं, आपण सगळे केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्तिसदन बघायला गेलो होतो आणि तू छापखान्याचे खिळे बघून "हे मला पाहिजेत" म्हणून भोकाड पसरलं होतंस? रमाबाईंचं मला लहानपणी फार दडपण यायचं. केवढी पंडिता, केवढं काम! आता या वयात त्यांचं शेवटचं वर्षच तेवढं मनात येतं. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, नवरा लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच गेलेला. आणि १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती मुलगी, सगळं जिच्या हाती सोपवायचं ती. कानांनीही धड ऐकू येत नव्हतं. त्यानंतर बाई स्वतः जेमतेम नऊ महिने होत्या, १९२२ च्या एप्रिलपर्यंत. त्या महिन्यांत बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी टाकलं नाही. पुस्तक निघालं १९२४ साली, सदनातल्या छापखान्यातून. बाईंनी ते हातात घेतलं नाही. रोज सकाळी उठून त्या टेबलाशी कशा बसत असतील, हे मला अजून कळलेलं नाही. आपली प्रार्थना चालू असते, एवढं खरं. तुझा दवाखाना राहील की जाईल, हे मला सांगता येत नाही. मी रात्री दोघांचीही नावं घेते, तुझं आणि दवाखान्याचं. आधी तुझं.

त्या म्हातारीचा केसपेपर झाला असला तर गाव आणि टोळी बघ. कारखान्याचा पट्टा अजून पडला नसेल, टोळी जवळपासच असेल. रविवारी सुट्टी असेल तर ड्रेसिंगचं सामान घेऊन कोपीवर जा. शिकवायला म्हणून नको जाऊस, माफीबिफीचं नाटकही नको. आजी, पाय कसा आहे, एवढंच विचार. ती तुला कोरा चहा देईल. तो पी.

बाबाकडे पैसे मागायला लाजतेस, हे त्यानंच मला सांगितलं. म्हणून तिकडे येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे डबा दिलाय. त्यात शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या खारोड्या आणि तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्या पेन्शनीतले थोडे पैसे आहेत. ते तुझे आहेत, मेसचे नाहीत आणि पेशंटचेही नाहीत. तू लगेच कोणाच्या तरी औषधाला देशील म्हणून आधीच सांगते. चांगल्या जाड तळाच्या चपला घे, तुझ्या टाचा मागच्या वेळी पार फुटल्या होत्या.

ईस्टरला ये. रजा मिळत नसली तर मीच येते. गुडघे कुरकुरतात, पण बसमध्ये बसायचंच तर आहे. तुझ्याबरोबर एक नाइट काढते. मेट्रनला सांग, म्हातारी पेशंट नाही, जुनी सिस्टर आहे, बोळे कापायला बसवा. आणि पत्र मिळाल्यावर लगेच उत्तर लिहीत बसू नकोस, आधी झोप काढ. मग फोन कर, कितीही रात्र झाली तरी. मी जागीच असते.

तुझी,
आत्या