काटकसरीच्या काळात उद्यानांतील जिवंत कला

करमणुकीची उद्याने, जत्रा आणि प्रदर्शने ही आता शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावीही लोकजीवनाचा भाग बनली आहेत. त्यांचा खर्च कोठे नगरपरिषदेला, कोठे जिल्हा परिषदेला, कोठे यात्रा समितीला, तर कोठे खाजगी संस्थेला उचलावा लागतो. उत्पन्न घटले की खर्चात कपात करणे ओघानेच येते. अशा वेळी पहिली कात्री बहुधा प्रत्यक्ष कार्यक्रमांना लागते. पाळणे फिरत राहतात, कारंजी उडत राहतात; मात्र सनईवाला, बहुरूपी, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा, नाटक मंडळी यांना "यंदा तरतूद नाही" असे कळविण्यात येते. ही कपात खरोखर काटकसर ठरते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नल्लकुंट्याहून दिसणारे चित्र

नल्लकुंटा ही हैदराबाद शहरातील एक जुनी वस्ती होय. तेलुगू भाषेत 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंटा' म्हणजे लहान तळे. मराठी कुटुंबांची पूर्वापार वस्ती असलेला काचीगुडा भाग येथून जवळच आहे. येथील एखाद्या कुटुंबाला सुटीच्या दिवशी मुलांना कोठे न्यावे, हे ठरविण्यास पुष्कळ वाव आहे. नामपल्लीच्या मैदानावर हिवाळ्यात 'नुमाइश' भरते. १९३८ मध्ये पब्लिक गार्डन्स या उद्यानात तिचा आरंभ झाला आणि १९४६ मध्ये ती सध्याच्या जागी आली. माधापूरला शिल्पारामम् हे कारागिरांचे ग्राम आहे. शहराबाहेर १९९६ मध्ये सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी आहे.

चौघांच्या कुटुंबाला प्रवासभाडे, प्रवेशशुल्क आणि खाणेपिणे यांचा खर्च सोसावा लागतो. पाळण्यात एकदा बसून झाले की दुसऱ्या खेपेस तोच पाळणा, तोच वेग आणि तेच वळण असते. प्रत्यक्ष कार्यक्रमाचे तसे नसते. गायकाचा आवाज आज वेगळा लागतो, नट समोरच्या प्रेक्षकांचा रागरंग पाहून संवाद रंगवितो, बहुरूपी एखाद्या मुलाला नावाने हाक मारतो. म्हणून मनुष्य तेथे पुन्हा जातो आणि आला की अधिक वेळ थांबतो. ज्याला पाळण्यात बसण्याची भीती वाटते, त्या आजीलाही कार्यक्रमाच्या ठिकाणी बसावयास जागा मिळते.

सुरभी नाटक मंडळीचा बोध

या विषयाचा सर्वांत मोठा धडा हैदराबादमध्येच मिळतो. आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभी या गावी १८८५ मध्ये वनारस गोविंदराव यांनी 'कीचकवध' हे नाटक सादर केले. तेथून सुरभी नाटक मंडळीची परंपरा सुरू झाली. ही कुटुंबे मूळची महाराष्ट्रातून दक्षिणेत गेलेली. त्यांच्या घरातील बोली 'आरे मराठी' म्हणून ओळखली जाते. रंगमंचावरील भाषा मात्र तेलुगू. नाटकाकडे वळण्यापूर्वी त्यांच्याकडे चामड्याच्या बाहुल्यांच्या छायानाट्याचा वारसा होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे नाते सहज उमगेल.

सुरभीच्या फडात सारे कुटुंबच नांदते. घरातील स्त्रिया रंगमंचावर भूमिका करतात, मुले लहान वयातच उभी राहतात, आणि रंगभूषा, पडदे, दिवे व तारा हीही घरचीच माणसे सांभाळतात. त्यांचे 'मायाबाजार' विशेष गाजले. मराठी वाचकांना हे कथानक 'वत्सलाहरण' म्हणून परिचित आहे. घटोत्कचाची माया, हवेत तरंगणाऱ्या वस्तू आणि क्षणार्धात बदलणारे देखावे हे सारे रंगविलेले पडदे, दोर आणि तारा यांच्या साहाय्याने प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर घडते. या परंपरेतील ज्येष्ठ रंगकर्मी आर. नागेश्वरराव ऊर्फ सुरभी बाबजी यांना २०१३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

एके काळी सुरभीचे तीसहून अधिक फड होते. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या प्रसारानंतर ते घटत गेले व आता मोजकेच उरले आहेत. पब्लिक गार्डन्समधील ललितकला तोरणम् या खुल्या रंगमंचावर सुरभीचे अनेक प्रयोग झाले आहेत. उद्यानात हवा खाण्यासाठी आलेल्या सामान्य माणसाला तेथे शतकाहून जुनी कला पाहावयास मिळाली.

यातून घ्यावयाचा बोध असा. बंद ठेवलेला पाळणा वंगण घालून, तपासणी करून पुन्हा सुरू करता येतो. विखुरलेला फड मात्र पुन्हा जमत नाही. तार कोठे बांधावी आणि पडदा कोणत्या शब्दावर ओढावा हे ज्ञान कागदावर नसते. ते माणसाच्या हातात असते. तो मनुष्य पोटासाठी दुसऱ्या धंद्यात गेला की त्याच्या मुलाला ते मिळत नाही. दोन वर्षांच्या कपातीने वाचलेल्या रकमेत ती विद्या परत विकत घेता येत नाही.

खर्च का वाढतो?

अधिकाऱ्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये या प्रश्नाचे मर्म मांडले. कारखान्यात यंत्र सुधारले की तेवढ्याच मजुरांकडून अधिक माल निघतो. चार वादकांची रचना मात्र शंभर वर्षांपूर्वी चार वादकांनी जेवढ्या वेळात वाजविली, तेवढेच वादक आणि तेवढाच वेळ आजही लागतो. इतर धंद्यांतील मजुरी वाढली की वादकाचे मानधनही वाढवावे लागते, पण त्याचे उत्पादन वाढत नाही. 'मायाबाजार'चेही तसेच आहे. त्यातील पात्रे कमी करता येत नाहीत. म्हणून जिवंत कलेचा खर्च दरवर्षी अंदाजपत्रकात टोचू लागतो. त्यात कलावंतांचा आळस नाही, की व्यवस्थापकांचा निष्काळजीपणाही नाही. तो या कलेचा स्वभावच आहे.

परदेशांतील मोठ्या उद्यानांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झाले. तेथील एक प्रत्यक्ष गाण्या-विनोदाचा कार्यक्रम १९५५ पासून १९८६ पर्यंत चालला. त्याच कंपनीने करोनाच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये, आपल्या उद्यान विभागातील सुमारे २८,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. या कपातीची झळ कलावंतांनाही लागली. आपल्याकडे त्याच साथीत २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी चैत्रातील यात्रा बंद राहिल्या. नारायणगाव येथे तमाशा फडांच्या राहुट्यांवर गावोगावच्या यात्रा समित्या येऊन सुपारी देतात, ती उलाढालच थांबली. फडमालकांवर कर्जाचा बोजा चढला आणि अनेक कलावंतांनी मोलमजुरी पत्करली.

हिशेब कसा मांडावा?

समजा, एका उद्यानात कार्यक्रम नसलेल्या रविवारी ६०० आणि कार्यक्रम असलेल्या रविवारी १,००० लोक येतात. प्रवेशशुल्क २० रुपये आहे. कार्यक्रमाचा सर्व खर्च १२,००० रुपये आहे. अधिक आलेल्या ४०० लोकांचे शुल्क ८,००० रुपये होते. कार्यक्रमामुळे लोक उशिरापर्यंत थांबतात व त्यामुळे वाहनतळ आणि खाद्यपदार्थांची दुकाने यांतून उद्यानाला माणशी सरासरी ५ रुपये अधिक मिळतात, असे धरल्यास आणखी ५,००० रुपये जमा होतात. एकूण वाढीव उत्पन्न १३,००० रुपये झाले. म्हणजे कार्यक्रम बंद केल्यास १,००० रुपयांचे नुकसान होईल.

परंतु वहीत काय दिसते? 'सांस्कृतिक कार्यक्रम' या शीर्षाखाली १२,००० रुपये खर्च दिसतो. उत्पन्न मात्र 'प्रवेशशुल्क', 'वाहनतळ' आणि 'दुकानभाडे' या शीर्षांखाली विखुरलेले असते. केवळ खर्चाचे पान पाहणाऱ्यास कपात फायद्याची वाटते.

उलट, १,००० ऐवजी ८००च लोक आले, तर वाढीव उत्पन्न ८,००० रुपये होईल आणि ४,००० रुपयांची तूट येईल. ती तूट सोसावी की नाही, हा मग धोरणाचा प्रश्न ठरतो. वाचनालयाकडून आपण नफ्याची अपेक्षा करीत नाही. लोककलेच्या बाबतीतही तोच न्याय लावता येईल. मात्र तूट किती आहे, हे मोजल्याशिवाय निर्णय घेणे योग्य नव्हे.

कपात करावयाचीच तर

पहिली गोष्ट अशी की, पाळण्यांची देखभाल आणि सुरक्षिततेची तपासणी यांना कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. कार्यक्रम वाचविण्यासाठी नटबोल्टांवरील खर्च कमी करणे हा गुन्हाच ठरेल.

दुसरे असे की, कपात सजावटीपासून सुरू करावी. कमानी, रोषणाई, छापील फलक आणि पाहुण्यांचे सत्कार यांवरील रक्कम बारकाईने तपासल्यास अनेक कलावंतांचे मानधन तीतूनच निघू शकते.

तिसरे, कार्यक्रमांची संख्या कमी करावी, पण नियमितपणा मोडू नये. महिन्यातून चार ऐवजी दोन कार्यक्रम झाले तरी चालतील. ते कोणत्या दिवशी होणार हे लोकांना ठाऊक असले पाहिजे. ठरलेला दिवस हीच सर्वांत स्वस्त जाहिरात होय.

चौथे, मानधनाच्या दरात घासाघीस करण्याऐवजी वर्षभराचा करार करावा. निश्चित कामाची हमी मिळाल्यास लहान फडही टिकू शकतो. ठरलेली रक्कम प्रयोगाच्या दिवशीच हाती पडावी.

पाचवे, शाळांना जोडून घ्यावे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत पशुप्रदर्शन व कुस्त्यांबरोबर लावणीचा कार्यक्रमही होतो आणि जिल्हा परिषद त्यात पुढाकार घेते. अशा प्रसंगी परिसरातील शिक्षकांनी एक सकाळ मुलांसाठी मागून घ्यावी. बाहुली कशी नाचते, ढोलकी कशी चढवितात, पडदा कसा रंगवितात, हे मुलांना कलावंतांच्याच तोंडून ऐकावयास मिळेल आणि कलावंतांना उद्याचा प्रेक्षक मिळेल.

उद्यान उभारण्यास पैसा लागतो, पण ते जागते ठेवण्यास माणसे लागतात. पैशाची टंचाई आज ना उद्या सरेल. ती सरल्यावर सनईसाठी माणूस शोधण्याची वेळ येऊ नये, एवढी दूरदृष्टी अंदाजपत्रक करणाऱ्यांनी आणि ते मंजूर करणाऱ्या सभासदांनी ठेवावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावच्या यात्रेत गेल्या वर्षी किती कलावंतांना काम मिळाले? त्यांच्या मानधनावर आणि सजावटीवर किती खर्च झाला, याची तुलना करा.

२. कार्यक्रम असलेल्या आणि नसलेल्या दोन दोन दिवसांची उपस्थिती प्रत्यक्ष मोजा व वर दिलेल्या पद्धतीने हिशेब मांडा.

३. आपल्या परिसरात पूर्वी असलेली, पण आता न दिसणारी एखादी कला कोणती? ती केव्हा आणि कशामुळे थांबली, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा.