ट्रॅक्टरची डिझेल टाकी गळतेय? वेल्डिंगला नेण्याआधी हे वाचा

🚜 *यंत्र देखभाल सल्ला*



सकाळी ट्रॅक्टर काढताना खाली डिझेलचा डाग दिसतो आणि आपण म्हणतो, "एवढा हंगाम उरकू द्या, मग बघू." एकदा रात्रभर खाली डबा ठेवून मोजून बघा. रात्रीत 100 मिली गळत असेल, तर वर्षाला 36 लिटर डिझेल मातीत जातं. शिवाय बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरची टाकी बॉनेटखाली असते. गळणारं डिझेल गरम सायलेन्सरवर किंवा उघड्या वायरिंगवर पडलं तर आग लागू शकते. पण जिवावरचा धोका असतो तो दुरुस्ती करताना. म्हणून हा मेसेज शेवटपर्यंत वाचा.

*1) आधी गळती नेमकी शोधा*
डिझेल पत्र्यावरून ओघळतं. गळती एकीकडे असते, थेंब पडतो दुसरीकडे. इंजिन थंड असताना टाकी बाहेरून साबणाच्या पाण्यानं धुवा, कोरडी करा आणि संशयाच्या जागी खडूची पूड लावा. पूड जिथं आधी ओली होईल, तिथं गळती.
पुष्कळदा टाकीला काही झालेलंच नसतं. कॉकचा किंवा ड्रेन नटचा वॉशर खराब झालेला असतो, रबरी पाइपला चिरा पडलेल्या असतात, नाहीतर ओव्हरफ्लो पाइपची क्लिप ढिली असते. असं असेल तर वॉशर, पाइप किंवा क्लिप बदला. वेल्डिंगची गरजच नाही.

*2) पत्र्याला बारीक छिद्र असेल तर*
शेतात अडलात, तर कपडे धुण्याचा वडीचा साबण मळून छिद्रात दाबा. घरी येईपर्यंत काम भागतं. पण ही तात्पुरती सोय आहे.
घरी आल्यावर असं करा:
• बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काम मोकळ्या हवेत करा. विडी-काडी लांब ठेवा.
• डिझेलची पातळी छिद्राच्या खाली येईल एवढं डिझेल झाकणाच्या कॅनमध्ये काढून घ्या.
• रंग आणि गंज पॉलिश पेपरनं हातानं घासा. ग्राइंडर नको, त्याच्या ठिणग्या उडतात.
• पत्रा थिनरनं पुसून पूर्ण वाळू द्या.
• एम-सीलसारखी दोन भागांची पुट्टी नीट मळून छिद्रावर आणि सगळ्या बाजूंनी बोटभर पुढेपर्यंत दाबून बसवा. रात्रभर सुकू द्या.
तेलकट पत्र्यावर पुट्टी धरत नाही. "लावली होती, पण निघाली" म्हणणाऱ्यांचं बहुतेक इथंच चुकतं.

*3) ⚠️ वेल्डिंग करायचंच असेल तर*
"टाकी रिकामी केलीय, आता काय होतंय?" हा समज घातक आहे. पेट घेते ती डिझेलची वाफ, हवेत मिसळल्यावर. आणि रिकाम्या टाकीत वाफही असते, हवाही असते. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट कमीत कमी 35 अंश सेल्सिअस ठरवलेला आहे. म्हणजे त्या तापमानाला डिझेलमधून पेटण्याइतकी वाफ सुटू शकते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हवाच त्याहून गरम असते, मग वेल्डिंगखाली तापलेल्या पत्र्याचं काय? अशी टाकी बॉम्बसारखी फुटते.

• टाकी ट्रॅक्टरवर ठेवून वेल्डिंग कधीच करू नका. ती उतरवा. कॉक, फ्लोट आणि झाकण काढा.
• एकदा पाणी फिरवून भागत नाही. जोडात आणि गंजात डिझेल मुरलेलं असतं. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून अनेकदा धुवावं लागतं, शक्य असेल तर वाफही द्यावी लागते.
• वेल्डिंगच्या वेळी जोडाच्या थोडं खालीपर्यंत टाकी पाण्यानं भरलेली हवी आणि सगळी तोंडं उघडी हवीत.
• "सायलेन्सरचा धूर टाकीत सोडला की झालं" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. डिझेल इंजिनच्या धुरात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो.
• हे काम घरच्या वेल्डिंग मशीनवर करू नका. टाक्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्या. त्याला आधी एकच विचारा: "टाकी कशी धुणार?" नीट उत्तर आलं नाही, तर टाकी परत आणा.

*4) दुरुस्ती की नवी टाकी?*
डिझेलपेक्षा पाणी जड असतं. ते तळाशी साचतं आणि पत्रा आतून गंजतो. टाकी उतरवल्यावर तळाला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. पत्रा मऊ लागला किंवा पापुद्रे निघाले, तर एक छिद्र बुजवाल आणि दुसरं पडेल. तिथं टाकी बदललेलीच परवडते.

*5) परत बसवताना*
पट्ट्याखाली रबर घाला, नाहीतर पत्रा पुन्हा घासतो. डिझेल फिल्टर बदला. फिल्टरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा. झाकणाचं हवेचं छिद्र बुजवू नका, ते बंद झालं तर डिझेल पुढे जात नाही. पावसाळ्यात आणि थंडीत संध्याकाळीच टाकी भरून ठेवा. म्हणजे आत दव धरत नाही.

ट्रॅक्टर ड्रायव्हर चालवत असेल, तर हा मेसेज त्यालाही वाचून दाखवा. टाकी गॅरेजला बहुतेक तोच घेऊन जातो.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी